शेतीशाळेत आधी शेताचा उतार शिकवा

संपादक महोदय,

रिजनरेटिव्ह किंवा पुनरुत्पादक, म्हणजे मातीचा कस परत आणणाऱ्या, शेतीची शिबिरे, कार्यशाळा आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांना सध्या खान्देशात तोटा नाही. आपल्या कृषी पानावरही या विषयाला नियमित जागा मिळते, हे चांगलेच आहे. पण या शिकवणीतून शेतकरी घरी येतो तो बहुधा जीवामृताची कृती पाठ करून: २०० लिटरचा ड्रम, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. आपल्या वावरात पडलेले पाणी कुठून येते, कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडते आणि जाताना काय घेऊन जाते, हे त्याला कोणी विचारत नाही. ड्रमात ढवळायला हरकत नाही. पण उताराने माती वाहून जात असेल, तर तिच्याबरोबर ड्रमातलेही नाल्यात जाते.

एका एकरावर २५ मिमी पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले, दहा हजार लिटरचे दहा टँकर. धुळे-शिंदखेडा पट्ट्यात वर्षभरात ६०० मिमीच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बराचसा मोजक्या मोठ्या सरींत उरकतो. या चार-पाच सरींचे पाणी शेतात कसे फिरवायचे, इथूनच जमिनीची आखणी सुरू होते. ऑस्ट्रेलियाच्या पी. ए. योमन्स यांनी १९५० च्या दशकात हा क्रम घालून दिला: हवामान, जमिनीचा आकार, पाणी, रस्ते, झाडे, बांधकामे, कुंपण आणि शेवटी माती. जे बदलायला सर्वांत अवघड ते आधी विचारात घ्यायचे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. विहिरीची जागा पाणाड्या सांगतो, गोठा सावली पाहून बांधला जातो, ट्रॅक्टरची वाट सर्वांत जवळच्या रेषेने थेट उतारावर पडते, आणि चार पावसाळ्यांत तीच वाट ओहोळ होते.

आखणीचे पहिले काम भर पावसात करायचे असते. डोक्यावर पोत्याची खोळ घ्यावी आणि सर चालू असतानाच बांधाने फिरावे. पाण्याचा पहिला धागा कुठे दिसतो, दोन धागे कुठे मिळतात, बांध कुठून पाझरतो, गढूळ पाणी कोणत्या कोपऱ्यातून निसटते, हे गट नंबरच्या नकाशावर पेन्सिलने टिपावे. पाऊस उघडल्यावर फुटलेल्या बांधापाशी बसून पाहावे. आतल्या अंगाला जाड वाळू आणि बारीक खडे थरावर थर साचलेले असतील, तर पाण्याने जड माल इथे टाकला आणि हलका पुढे नेला. खत आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्याचा मातीतला अंश) चिकटून असतात ते याच हलक्या, बारीक कणांना. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या आत आला की अहवालावर ‘कमी’ असा शेरा पडतो आणि शेतकरी शेणखत वाढवतो. कर्ब कुठून गेला, त्याचा पुरावा मात्र त्या कोपऱ्यात पडलेला असतो.

दुसरे काम आखाजी (अक्षय तृतीया) ते रोहिणी नक्षत्र या मोकळ्या दिवसांत करायचे. समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, आखायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पुरते: १५ मीटर लांब, बोटाएवढी जाड. दोन सारख्या उंचीच्या काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करून नळीची टोके त्यांना बांधावीत आणि नळीत पाणी भरावे. पाण्यात थोडी हळद टाकली की पातळी उन्हातही दिसते. दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून आकडे जुळतात का, हे आधी तपासावे. जुळत नसतील तर नळीत बुडबुडा आहे. चुका होतात त्या तीनच: बुडबुडा, टोकावर तसाच राहिलेला अंगठा, आणि ढेकळावर टेकलेली काठी. मोबाइलच्या ॲपवरची उंची या कामाला चालत नाही. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपल्याला तर सेंटिमीटर मोजायचे असतात.

रेषा आखली म्हणजे लगेच चर खोदायचा असे नाही. आधी माती किती खोल आहे ते पाहावे लागते. शेतात वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात कमरेइतके तीन खड्डे घ्यावेत. काळी माती किती, तिच्याखाली मुरूम आहे की पिवळी चिकण माती की खडक, हे हाताने कुस्करून पाहावे. मग खड्ड्याच्या तळाशी फूटभर रुंद, फूटभर खोल भोक करून पाणी भरावे. पहिल्या भरण्यावर अंदाज बांधला तर फसगत ठरलेली, कारण सुकलेल्या काळ्या मातीच्या भेगा घटाघटा पाणी पितात. दुसऱ्या दिवशी माती फुगून भेगा मिटल्यावर पुन्हा भरावे आणि तासाला किती उतरते ते मोजावे. हाच खरा आकडा.

या आकड्यावर बाकीचे सगळे ठरते. साक्री-शिंदखेड्याकडच्या बरड जमिनीत खाली मुरूम असतो, पाणी मुरते. तिथे समपातळी बांध आणि सलग समतल चर शोभतात. तीन टक्के उतार असेल तर दोन बांधांत ३० मीटरच्या आसपास अंतर ठेवावे, दीड टक्का असेल तर ५० मीटर चालते. चराची माती नेहमी खालच्या अंगाला टाकावी, आणि चराच्या काठापासून फूटभर जागा सोडून टाकावी. ती सोडली नाही तर पहिल्याच सरीत माती परत चरात येते. सैल मातीचा बांध पाचव्या हिश्श्याने तरी बसतो, म्हणून उंची तेवढी जास्त धरावी.

तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत हेच काम केले तर नुकसान होते. ओली झाली की ही माती पाणी आत घेत नाही. समपातळी बांधामागे तळे साचते, कपाशी पिवळी पडते, मूळ कुजते, आणि एखाद्या रात्री बांध फुटून खालच्याचेही शेत खरवडले जाते. इथे बांधाला बारीक ढाळ द्यायचा: १०० मीटरला २० ते ४० सेंमी. नळीने मोजताना दर १० मीटरला ३ सेंमी उतरत गेले की झाले. पाणी सावकाश एका बाजूला सरकते आणि गवत लावलेल्या वाटेने नाल्याला मिळते. ही गवताची वाट एक पावसाळा आधी तयार करावी लागते. मारवेल किंवा पवना गवताची मुळे धरण्याआधीच पाणी सोडले तर आपण स्वतःच नवा नाला कोरला, असे समजावे. पेरणी रुंद वरंबा सरीवर केली तर वरंब्यावर पीक श्वास घेते आणि सरीतून जादा पाणी निघते. असे वरंबे पाडणारे बीबीएफ यंत्र गावात नसेल, तर कपाशी महिना-सव्वा महिन्याची झाल्यावर कोळप्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सरी पाडाव्यात. खर्च एका दोरीचा.

खोल काळ्या जमिनीची खरी ताकद दादर (रब्बी ज्वारी) पिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. अशी एक मीटर खोल जमीन पिकाच्या कामी येईल असे १५० ते २०० मिमी पाणी धरून ठेवते, आणि पाऊस सरल्यावर पेरलेली दादर त्याच ओलीवर येते. म्हणजे या जमिनीत पाणी साठवण्याची जागा मातीच आहे. तिथे बांधामागे तळे करण्यापेक्षा पाणी हळू करणे आणि वरचा थर झाकलेला ठेवणे जास्त मोलाचे.

सातपुड्याच्या पायथ्याची, चोपडा-यावल-रावेरकडची गोट्या-वाळूची पट्टी हा तिसरा प्रकार. भूजलतज्ज्ञ तिला बझाडा म्हणतात. खालच्या केळीपट्ट्याच्या विहिरी-बोअरवेलना पाणी पुरवणारे जमिनीखालचे थर इथून भरतात. या पट्टीत ओढे अडवून पाणी मुरवावे. तिथे प्लास्टिकचे शेततळे करणे म्हणजे मुरण्याची जागाच झाकून टाकणे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाने झालेले नाला खोलीकरण-रुंदीकरण आणि साखळी बंधारे यांचे नाव सगळीकडे झाले. पण ते काम तिथल्या भूस्तरांचा अभ्यास करून झाले होते. खालचा थर न पाहता नुसते पोकलेन लावून नाला खरवडणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता एक अडचण, जिच्याबद्दल शिबिरांत कोणी बोलत नाही. भावाभावांच्या वाटणीत शेत लांबीने चिरले जाते, कारण प्रत्येकाला वरचा रस्ताही हवा असतो आणि खालचा नाला किंवा विहीरही. त्यामुळे पट्टे उतारालाच लांब झाले. वीस मीटर रुंदीच्या पट्ट्यात उताराला आडवी पेरणी करायची तर ट्रॅक्टरवाला वळून वळून वैतागतो आणि भाडे वाढवून मागतो. म्हणून सगळेच उभी पेरणी करतात आणि पेरणीचे प्रत्येक तास, म्हणजे प्रत्येक ओळ, पाण्याची घसरगुंडी होते. यावर एकट्याचा उपाय म्हणजे दर २५-३० मीटरवर समपातळी रेषेत वाळा गवताची पट्टी लावणे. दोन ठोंबांत १० ते १५ सेंमीपेक्षा जास्त अंतर नको, कारण जिथे फट राहील तिथूनच पाणी जोर धरते. दोघा-तिघा शेजाऱ्यांचा उपाय जास्त चांगला. वाटण्या कागदावर तशाच ठेवाव्यात आणि पेरणी सलग आडवी करावी. बियाणे आणि भाडे ज्याच्या त्याच्या क्षेत्राप्रमाणे.

बांध फुटतो तो बहुतेक वेळा सांडव्यापाशी, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याच्या जागेपाशी. हिशेब सोपा आहे. एक हेक्टर क्षेत्रावर तासाला ५० मिमी जोराचा पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून निघाला, तर सांडव्यावर सेकंदाला सुमारे ७० लिटर पाणी येते. वरच्या दहा हेक्टरांचे पाणी एकाच्याच शेतातून जात असेल तर ७०० लिटर. आठ इंची पाइप टाकून हे पाणी निघेल असे मानणारा दरवर्षी बांध बांधतो. सांडवा रुंद ठेवावा, त्याचा माथा बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली असावा, त्यावर दगडाचे पिचिंग (अस्तर) करावे. पाणी पडते तिथेही दगड अंथरावेत, नाहीतर तळ पोखरून सांडवा मागे मागे सरकतो.

झाडांच्या बाबतीत उत्साह जास्त आणि आखणी कमी दिसते. वारारोधक ओळ भिंतीसारखी गच्च केली तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. अर्धा वारा गाळून जाईल इतकीच ती दाट हवी. मग उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. बारा फुटी शेवरीचा आडोसा १२० फुटांपर्यंत. केळीला उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यासाठी पश्चिम आणि दक्षिण बाजू आधी झाकाव्यात. पण उंच झाडे पश्चिमेलाच ठेवावीत. खान्देशात डिसेंबरात भर दुपारीही सावली झाडाच्या उंचीइतकी उत्तरेला पडते. म्हणून दक्षिण बांधावर तीस फुटी झाड लावले की आपल्याच रब्बीचा तीस फुटांचा पट्टा गेला. उत्तर बांधावर लावले तर शेजाऱ्याचा गेला आणि भांडण दारात आले. दक्षिणेला छाटता येणारी शेवरी, शेवगा किंवा गिरीपुष्प ठेवावे. झाडांची ओळ आणि पीक यांच्यामध्ये दीड फूट रुंद, तीन फूट खोल चर काढून दरवर्षी मुळे तोडावीत. हे न केल्यामुळेच ‘बांधावर झाड म्हणजे पिकाचा वैरी’ हे मत पक्के झाले आहे. फांदीने लावलेले गिरीपुष्प फुलावर येण्याआधी छाटून पाला शेतात टाकला तर तो नत्राचा चांगला पुरवठा करतो.

आणि ‘मिश्र पिके म्हणजे चांगले’ हे डोळे झाकून लागू करू नये. केळीत किंवा केळीलगत काकडीवर्गीय वेली, मिरची, टोमॅटो, वांगी घेतली की मावा वाढतो आणि काकडी मोझॅक विषाणू केळीत उतरतो. रावेर-यावलच्या बागायतदारांनी या रोगापायी बागा उपटल्या आहेत. वैविध्य हवेच, पण रोगाचा पूल न बांधणारे. केळीत ताग किंवा धैंचा घेऊन कापून तिथेच टाकणे सुरक्षित.

पऱ्हाटीचे, म्हणजे वेचणीनंतर उरणाऱ्या कपाशीच्या काड्यांचे, काय करावे, हा इथला कायमचा प्रश्न. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते आणि बरीचशी बांधावर ढीग होऊन पडते किंवा जळते. ढिगातल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहते, त्यामुळे ‘जाळू नका’ एवढेच सांगून भागत नाही. फरदड न ठेवता, म्हणजे कपाशी पुढे न लांबवता, डिसेंबरअखेर पीक संपवावे, उरलेली बोंडे वेचून नष्ट करावीत आणि पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीवर पसरावी. ती गाडली तर कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक सुरुवातीला पिवळे दिसते. लोक म्हणतात पऱ्हाटीने जमीन बिघडली. शेणस्लरी किंवा थोडा युरिया शिंपडला आणि दोन-तीन महिने मिळाले तर हा त्रास होत नाही. आच्छादनाची वेळही जमिनीप्रमाणे बदलते. बरड जमिनीत पेरणी उगवून आली की लगेच, काळ्या जमिनीत मोठा पाऊस ओसरल्यावर. भर श्रावणात काळ्या मातीवर जाड थर दिला तर ती सुकतच नाही. फळझाडाच्या बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी ठेवावी, वाळवी तिथूनच चढते.

शेततळ्याबद्दल थोडक्यात. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावते. मे महिन्यात दिवसाला १० मिमी बाष्पीभवन धरले तर भरलेल्या तळ्यातून रोज ९,००० लिटर उडून जाते. असे तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर ठीक. बोअरवेलचे पाणी उपसून उन्हात पसरायचे असेल, तर ते जमिनीखालीच बरे होते.

मेंढपाळांचा विसर नको. ठेलारींच्या मेंढ्या शेतात बसवणे हे खताचे जुने आणि चोख साधन आहे, पण नवी रोपे त्याच मेंढ्या खातात. रोपांना बोरी-बाभळीची काटेरी वई दोन वर्षे टिकवावी आणि मेंढ्या कुठे, कधी बसवायच्या हे आधी ठरवावे.

हे सगळे एका गट नंबरात पूर्ण होत नाही. पांझरा आणि मोसम खोऱ्यांतल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत (मोठ्या तुकड्यांत) विभागून एका फडात एकच पीक घेतले जाई. पाणी पाटकरी सोडत असे, राखणीला जागल्या असे, आणि नियम सगळ्यांना सारखे होते. शेकडो वर्षे ही व्यवस्था चालली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले आणि त्याचा लाभ गावाच्या पाण्याला झाला. या कामासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. वरचा माथा राखला तर खालची विहीर भरते, हे तिथे जाऊन पाहता येते. शेजारी नैसर्गिक प्रवाह अडवत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण तोवर हंगाम निघून जातो. पाणी कोणत्या वाटेने काढायचे, ते पेरणीआधी चौघांनी बसून ठरवलेले बरे.

म्हणून कृषी विभाग, खान्देशातली कृषी विज्ञान केंद्रे आणि राहुरी कृषी विद्यापीठाकडे आमचे मागणे आहे. शेतीशाळेच्या वेळापत्रकात जमिनीच्या आखणीला तीन वर्ग द्या, आणि तिन्ही सभागृहात नकोत, बांधावर हवेत. पहिला वैशाखात, नळीने रेषा आखण्याचा आणि खड्डे पाहण्याचा. दुसरा चालू पावसात, सांडव्यावर उभे राहून. तिसरा दिवाळीनंतर, बांधाच्या वर आणि खाली दोन-दोन फूट खोदून ओल कुठवर आहे ते मोजण्याचा. प्रत्येक मंडळ कृषी कार्यालयात चार नळ्या आणि एक डंपी लेव्हल (पातळी मोजण्याची दुर्बीण) नाममात्र भाड्याने ठेवा. गावात चर, बांध किंवा नाला खोलीकरण मंजूर करताना शिवाराचा समपातळी रेषांचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि त्यावर प्रत्येक सांडव्याची रुंदी लिहा. काम झाल्यावर गावकऱ्यांना ती फीत लावून तपासता येईल.

आपले,
मृद-जलसंधारणाच्या कामातील काही शेतकरी,
ता. शिंदखेडा, जि. धुळे